रालित्साची जागा

माझं काम पायांचं. सोफियातल्या हॉलच्या मागच्या खोलीत माझं टेबल आहे. राष्ट्रीय संघातल्या रिदमिक जिम्नॅस्टिक्सच्या मुली सराव संपला की एकेक करून त्यावर येऊन पडतात. मी त्यांचे पाय चोळते आणि त्या माझं डोकं खातात. लोकांना त्यांचे चमचमते कपडे दिसतात, मला नखं गेलेली बोटं दिसतात. त्यामुळे या खेळाला कुणी नाजूक म्हटलं की माझं टाळकंच सरकतं.

संघ पाच जणींचा; एक खेळ मोठ्या रिंगांचा, दुसरा रिबिनींचा. सहावी राखीव. तिला पाचही जणींच्या जागा तोंडपाठ असाव्या लागतात आणि तिची स्वतःची जागा कुठलीच नसते. आमची राखीव झोर्नित्सा, डोब्रिचहून आलेली, कमी बोलणारी. तीन वर्षं ती प्रत्येक परदेशी स्पर्धेला गेली आणि एकदाही गालिच्यावर उतरली नाही. पाच जणी पदकं घ्यायला वर चढायच्या आणि ही खाली त्यांची जाकिटं सांभाळत उभी राहायची. यंदाची जागतिक स्पर्धा तिची शेवटची होती. पुढच्या हंगामात नव्या पोरी येणार हे तिलाही ठाऊक होतं.

कर्णधार रालित्सा. गुणी तेवढीच तोंडाळ.

"पेन्का मावशी, पाय चोळताय की बानित्सा भाजायला पीठ मळताय?"

"गप पड. पीठ तुझ्यापेक्षा मऊ असतं."

ती आणि झोर्नित्सा एका खोलीत राहायच्या. स्पर्धा महिन्यावर आली आणि रालित्सा माझ्याकडे यायची बंद झाली. गरज नाही म्हणाली. त्याच सुमाराला माझ्या कपाटातल्या चिकटपट्ट्या भराभर संपायला लागल्या. शेवटी एका सकाळी झोर्नित्साला मी कपाटाशीच पकडलं.

"कुणाचा पाय बांधतेस?"

तिने हातातली पट्टी पाठीमागे लपवली.

"तुझे मी कालच पाहिलेत. ठणठणीत आहेत."

ती तिथेच फरशीवर बसली आणि बोलली. रालित्साचा डावा पाय पंजाशी सुजून काळानिळा पडला होता. हाडाला तडा गेला असणार. झोर्नित्सा रोज पहाटे तो घट्ट बांधून द्यायची म्हणून ती सरावाला उभी राहू शकत होती.

"मी आत्ता जाऊन कामेलिया बाईंना सांगते," मी म्हटलं. कामेलिया बाई म्हणजे आमच्या प्रशिक्षक.

"नको मावशी! तुम्ही सांगितलंत तरी सगळ्या म्हणतील मीच चुगली केली. जागेसाठी."

"म्हणू देत."

"आणि मग माझ्याकडे रिंग कशी फेकतील? न बघता फेकायची असते ती, न बघता झेलायची असते."

"तुला जागा नको आहे का?"

"हवी आहे ना! म्हणून तर तोंड उघडवत नाही. पाय तिचा मोडतोय, आणि मी पट्टी गुंडाळताना मनात तिच्या जागी उभी असते. किळस येते मला माझी." मग खाली बघत म्हणाली, "मला उद्याची सकाळ द्या. फक्त उद्याची."

इकडे आड, तिकडे विहीर. मी दिली. पण दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या दाराबाहेर जाऊन उभी राहिले. चोरून ऐकणं वाईट, मला कळतं. तरी ऐकलं.

"पट्टी आण," रालित्सा म्हणाली.

"नाही बांधणार."

"चेष्टा पुरे, झोरे. उशीर होतोय."

"आज नाही आणि उद्याही नाही. तुझी तू बांध."

मग रालित्साचा आवाज, हळू आणि विषारी. "सरळ सांग ना, माझी जागा हवी आहे."

"हवी आहे. आल्या दिवसापासून हवी आहे. पण बांधत नाही ते त्याच्यासाठी नाही."

"मग कशासाठी?"

"काल तू जिना बसून उतरलीस, राली. एकेक पायरी. तू स्पर्धा रेटून नेशील, मला माहीत आहे. त्याच्या पुढे काय?"

रालित्साने तिला जे सुनावलं ते मी लिहिणार नाही. मग तिने स्वतःच पाय बांधला, दार उघडलं आणि भिंतीला धरून चालायला लागली. मी समोर दिसले तरी थांबली नाही. तशीच बाईंच्या दारापर्यंत गेली आणि दार वाजवलं. आपला पाय मोडलाय, एवढंच सांगितलं. झोर्नित्साचं नावही घेतलं नाही. दुपारी पायाला प्लास्टर बसलं.

पण पोरींपासून काही लपतं का? रालित्साच्या जागी आलेल्या झोर्नित्सानेच पट्टी बांधायला नकार दिला होता, हे त्यांना कळलं. चौघी झोर्नित्साशी फक्त आकडे बोलायच्या. एक, दोन, तीन, फेक. रिंग फेकायच्या, पण जेवताना तिच्या शेजारची खुर्ची रिकामी असायची. निघायच्या दिवशी रालित्सा कुबड्या घेऊन उंबऱ्यावर आली. आमच्यात निघणाऱ्याच्या पायापुढे पाणी ओततात, काम पाण्यासारखं सरळ जावं म्हणून. चौघींपुढे तिने तांब्यातलं पाणी ओतलं. झोर्नित्सा शेवटी आली तेव्हा तांब्या रिकामा होता. ती कोरड्या फरशीवरून चालत बसमध्ये जाऊन बसली. मला दोघींच्याही कानाखाली वाजवावीशी वाटली आणि दोघींना जवळही घ्यावंसं वाटलं.

स्पर्धा मिलानला. पाच जणी गालिच्यावर गेल्या, वाकून एकमेकींत गुंफून बसल्या, आणि पडद्याआड बाईंनी माझं मनगट गच्च धरलं.

"पेन्का, श्वास कोण देणार?"

आमच्या रचनेत पहिली हालचाल संगीताच्याही किंचित आधी होते. खाली माना घातलेल्या पाच जणी एकदम उठतात त्या कर्णधाराच्या श्वासावर. ती नाकाने एक खोल श्वास ओढते, बाकीच्या तो ऐकतात. गेले काही आठवडे घाईघाईच्या सरावात बाई टाळी वाजवून सुरुवात करून देत होत्या. झोर्नित्साला फेकी शिकवल्या, वळणं घोटून घेतली, आणि श्वासाचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आता बाहेरून हूं का चूं करायची सोय नव्हती.

मग झोर्नित्साचे खांदे वर गेले. पाचही रिंगा एकदम उठल्या. पुढचं मी धड पाहिलंच नाही, मी रडत होते. रिंगांत कांस्यपदक मिळालं.

हॉटेलात परतताना बसमध्ये माझा फोन वाजला. रालित्सा होती.

"तिला द्या."

झोर्नित्साने फोन कानाला लावला. मी शेजारीच होते, शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"टीव्हीवर पाहिलं. तो श्वास माझा होता."

"हो."

"हुबेहूब माझा."

"तीन वर्षं तुझ्या शेजारच्या खाटेवर झोपतेय, राली. मला दुसरा येतच नाही."

बसमधल्या चौघीही मागे वळून ऐकत होत्या. झोर्नित्साने डोळे मिटून घेतले.

"उद्या रिबिनी आहेत," रालित्सा म्हणाली. "तिथे हा रिंगांचा श्वास चालणार नाही. तिथे उशिरा घ्यायचा. घेऊन दाखव."

झोर्नित्साने फोनमध्ये नाकाने खोल श्वास घेतला.

"लवकर झाला. पुन्हा," पलीकडून रालित्सा म्हणाली.