तक्रारीचा रकाना

चैत्राचे ऊन डोंगरमाथ्यावरून उतरत होते. ताम्रवर्ण, तप्त, निःशब्द. पांगारा रक्तकुसुमांनी पेटला होता. त्या रक्तिम शांततेत पोस्टमन एक खाकी लिफाफा देऊन गेला.

कडेवर दहा महिन्यांची ओवी. एका हाताने रेवतीने तो फोडला. अपंगत्व पेन्शनचा दावा नामंजूर. श्रवणदोषाचा सैनिकी सेवेशी संबंध नाही.

संबंध नाही? तोफखान्यातली अकरा वर्षे. धूम्रगंधी, वज्रनादी अकरा वर्षे तिच्या नवऱ्याची, हणमंतची. आणि संबंध नाही?

मग तिने दुसरे पान उलटले. फौज सोडतानाची वैद्यकीय तपासणी. ‘काही तक्रार?’ त्यापुढे निळ्या शाईत, ओळखीच्या वळणदार अक्षरात: ‘नाही.’ खाली सही. त्याचीच.

“अहो!” ती किंचाळली. तो पाठमोरा, मोगऱ्याला पाणी घालत राहिला.

गेल्या महिन्यात असाच पाठमोरा होता तो. दोन हातांवर ओवी झोळीतून पडली, आक्रंदली, निळी पडली. आणि तो शांतपणे शेंगा फोडत होता. तेव्हापासून रेवती नळावरही धावत जाई, धावत येई.

संध्याकाळी सुभेदारकाका आले. गावातल्या निवृत्त फौजींची अपिले तेच लिहीत. पान पाहून ते कसनुसे हसले.

“सगळ्यांची हीच खोड, पोरी. डॉक्टरसाहेबांनी विचारलं की छाती काढून, ‘ठीक हूँ, साहब!’ मीही फुटका गुडघा घेऊन हेच सांगून आलो.” मग परेडचा, मेघगंभीर आवाज काढला, तेवढाच हणमंतपर्यंत पोचे. “अपिलाला सहा महिने आहेत, हणमंता. पण तक्रार तुझ्या हातानं लिही!”

“रडगाणं गाऊ? मी?”

भुकेने रडणारी ओवी रेवतीने त्याच्या मांडीवर ठेवली, आणि अपिलाचा अर्ज पुढे सरकवला, तक्रारीचा रकाना कोरा.

त्याने पाहिले: थरथरते पल्लव-ओठ, ताणलेला इवला कंठ, आरक्त, अश्रुस्नात मुख. तळहाताखाली तिची छाती पाखरासारखी फडफडत होती. फडफडत होती, आणि निःशब्द होती.

“आवाज कसा आहे गं हिचा?” त्याने विचारले.

दहा महिन्यांत प्रथमच विचारले. काकांनी चष्मा काढला.

त्याने पेन उचलले. ‘माझी मुलगी रडते,’ त्याने लिहिले. ‘मला ऐकू येत नाही.’

शाई ओलीच होती. ओवीची मूठ तिच्यावर पडली. आणि त्या रकान्यात, सहीच्या आधी, एक निळी पाकळी उमटली. इवली, ओली, आक्रंदणारी.