उत्तर नसलेली जागा

"काका, जरा बाजूला व्हा ना. मला घरी जायचंय."

मशीनवाला बायकोच्या अंगातला स्वेटर काढायच्या खटपटीत होता. तिने एकावर एक दोन चढवले होते, त्यातला आतला उलटा. त्याने एक बाही सोडवली की ती दुसरी ओढून घ्यायची.

"हेच घर आहे आपलं."

"मग माझी आई कुठेय?"

"आई नाही आता."

"आई नाही, तर घर कसं झालं?"

सगळा संसार तिने त्याला 'अहो' म्हणण्यात काढला. आता तो काका झाला होता. कधी दुकानातले काका, कधी बसमधले काका. परवा तर तिने त्याला पुढचा स्टॉप कुठला ते विचारलं, आणि त्याने वैतागून काहीतरी सांगितलंही.

"हात वर कर. वर कर म्हणतो ना!"

तिने हात आवळून घेतला. रात्रभर ती खोलीभर फिरली होती आणि तो दाराला टेकून बसल्या बसल्या पेंगला होता. त्याच्या हातून बाहीऐवजी मनगट ओढलं गेलं, चांगलं जोरात. ती "आई गं" करून ओरडली आणि लहान मुलीसारखी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

तेवढ्यात मुलगी आत आली. ती जवळच राहायची. रविवारी सकाळी जेवणाचा डबा घेऊन यायची. तिने डबा ठेवला, आईचा हात हातात घेतला. मनगटावर बोटांचे वळ उठत होते.

"पप्पा, हे काय?"

"काही नाही. बाही अडकली होती."

आईला खुर्चीत बसवून ती पुढच्या खोलीत आली. ही खोली म्हणजेच त्याचं दुकान. शिंप्यांची बिघडलेली शिलाई मशीनं इथे दुरुस्तीला यायची, म्हणून तो मशीनवाला. टेबलावर एक मशीन पोट उघडून पडलं होतं, खोलीभर तेलाचा वास होता. मशीनवाला तिच्या मागोमाग आला आणि उगाच एक स्क्रू घट्ट करायला लागला.

"आईसारख्यांना सांभाळणाऱ्या त्या संस्थेतून फोन आला होता," मुलगी म्हणाली. "खोली रिकामी झालीय. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांगायचंय, नाहीतर दुसऱ्या कुणाला देतील."

"द्या म्हणावं."

"पप्पा."

"मी लग्नात वेदीपुढे होय म्हटलंय. सुखात, दुखण्यात, मरेपर्यंत. नेऊन संस्थेत टाकीन असं नव्हतं त्यात."

"मनगट काळंनिळं करीन असंही नव्हतं."

स्क्रू जास्तच आवळला गेला. त्याने स्क्रूड्रायव्हर टेबलावर आपटला आणि पिशवी उचलली. "तालमीला जातो. आईकडे बघ." जिना उतरताना एका हाताने कंबर धरावी लागली, त्याचाही त्याला राग आला.

तालीम होती संध्याकाळच्या उपदेशाची. त्यांच्या प्रार्थनाघराचे पाळकसाहेब उपदेश गाऊन सांगायचे. ज्याने तो प्रकार ऐकलाय त्याला वेगळं काही सांगायला नको. ज्याने ऐकला नाही त्याने एकदा तरी ऐकावा. नुसत्या बोललेल्या उपदेशातून माणूस निसटतो, छताकडे बघतो, घरची आमटी आठवतो. गाऊन सांगितलेला उपदेश त्याला बाहेर जाऊ देत नाही. पाळकसाहेब थोडं बोलायचे, मग ओळ उचलायचे, आणि मागच्या बाकावरची मंडळी ती झेलायची. या मंडळींत मशीनवाल्याची जागा पक्की होती. कथेत जिथे जिथे माणसांनी देवाला उत्तर द्यायचं, तिथे त्याने वरच्या पट्टीत गायचं, 'होय प्रभू, होय, तुझेच आम्ही होय.' त्याचा आवाज अजून तारेसारखा लागायचा.

आजचा विषय करार. देवाने माणसांशी बांधलेली गाठ. पाळकसाहेबांनी अब्राहामापासून सुरुवात केली. अंधार पडला, धूर दिसला, मशाल चालत आली, पेटीवाल्याने सूर धरला आणि मशीनवाल्याने सवयीने आवाज लावला, "होय प्रभू, होय..."

"थांबा, थांबा." पाळकसाहेबांनी हात वर केला. स्थूल माणूस, खांद्यावर कायम टॉवेल. "इथे उत्तर नाही."

"मागच्या खेपेला होतं."

"मागच्या खेपेला देवाने आज्ञा दिल्या त्या डोंगराची कथा होती. तिथे लोक होते, ते होय म्हणाले आणि थोड्याच दिवसांत सोन्याचं वासरू करून त्यापुढे नाचले. तो भाग पुढे येतो. इथे तुम्ही गप्प बसायचं."

पुन्हा सुरुवात झाली. पुन्हा मशाल आली. पुन्हा मशीनवाला "होय" म्हणून मोकळा झाला. बाकावरची मंडळी हसली.

"अहो, काय हे!" पाळकसाहेबांनी टॉवेलने मान पुसली. "त्या काळी दोघांत करार व्हायचा तो कसा? जनावरं मधोमध चिरायची, तुकडे समोरासमोर मांडायचे आणि दोघांनी मधल्या वाटेने चालत जायचं. म्हणजे काय, तर मी शब्द मोडला तर माझे असे तुकडे होवोत. आता अब्राहामाने तुकडे मांडले, गिधाडं हाकलली, दिवसभर उन्हात दमला. आणि चालायची वेळ आली तेव्हा देवाने त्याला गाढ झोपवलं. मधून मशाल होऊन एकटा देव चालला. दोघांच्या वाट्याचं एकटाच चालला. पुढे क्रुसावर तुकडे झाले ते कुणाचे? त्याचेच. म्हणून इथे माणसाचा आवाज नको."

मंडळी चहाला उठली. मशीनवाला बसून राहिला.

"त्याला सोपं आहे," तो म्हणाला.

"कुणाला?"

"देवाला. एकटं चालायचं. त्याची कंबर दुखत नाही."

पाळकसाहेब त्याच्या शेजारी येऊन बसले. बाक करकरला.

"मशीनला दोन दोरे असतात, साहेब. वरचा आणि खालचा. खालचा संपला तरी मशीन थांबत नाही. सुई चालते, आवाज येतो, वरचा दोराही जातो. कापड उचलून बघावं तर नुसती भोकं. माझं तसं झालंय. रोज चालवतो. शिवण कुठेय?"

"घरी काही झालं का?"

"डॉक्टरांनी दुखणं सांगितलं तेव्हा मी देवाला म्हटलं होतं, सगळं विसरू दे तिला, माझी ओळख तेवढी ठेव. तुझ्या गाण्यातला एक रविवार चुकवणार नाही. तापात आलो, कंबरेला पट्टा बांधून आलो. आणि ओळख पहिली माझीच गेली! शेजारणीला अजून नावाने हाक मारते. मांजरालाही."

"पण देव हो म्हणाला होता का तुम्हाला?"

"नाहीही म्हणाला नव्हता."

पाळकसाहेबांना हसू आलं, ते त्यांनी टॉवेलात लपवलं. "तो तुमचा सौदा होता. तुम्ही हे द्याल, तर तो ते देईल. करारात देव आधी स्वतःला देतो, आणि पलीकडून काही आलं नाही तरी परत घेत नाही. तुमचं ते मशीन म्हणता ना, त्यावर तो किती पिढ्या बसलाय बघा. खालचा दोरा आपला. रोज तुटतो."

"तो देव आहे. मी नाही."

"तेच तर."

"तेच तर काय?"

"तुम्ही देव नाही, हेच. रात्री झोपता का?"

"मी झोपलो तर तिच्याकडे कोण बघणार? मला नाही कुणी झोपवत, साहेब." आणि चहा न घेता तो उठला.

संध्याकाळी प्रार्थनाघर भरलं. मुलीने आईला पुढच्या रांगेत बसवलं, लांब बाह्यांचा झगा घालून. येता येता तिने फक्त एवढंच विचारलं, "काय सांगू?" आणि तो फक्त एवढंच म्हणाला, "उपदेश होऊ दे."

उपदेश सुरू झाला आणि रंगला. पाळकसाहेबांचा आवाज त्या दिवशी असा लागला होता की पहिल्याच ओळीला मागच्या भिंतीजवळची पोरंसुद्धा बसली. अब्राहाम तुकडे मांडत होता, गिधाडं उतरत होती. मशीनवाल्याने ओठ घट्ट मिटले. आज चूक करायची नाही. मागे भिंत होती, तिला त्याने कंबर टेकली. पेटीचा सूर खाली गेला. सूर्य मावळायला आला. अब्राहामावर गाढ झोप पडली, असं पाळकसाहेब अगदी हळू म्हणाले.

डोळे उघडले तेव्हा समोर टॉवेल होता. पाळकसाहेब वाकले होते आणि त्यांच्या हातात प्रभुभोजनाचा द्राक्षारसाचा प्याला होता.

"घ्या."

तो ताडकन उठायला गेला. "ती कुठेय?"

"आहे. तिने केव्हाच घेतला. तुम्हीच तेवढे राहिलात."

खरंच, सगळे आपापल्या जागी परतले होते. पाळकसाहेब प्याला घेऊन सबंध प्रार्थनाघर ओलांडून मागच्या बाकापर्यंत आले होते. त्याने घोट घेतला.

"डोंगराची ओळ? माझी ओळ?"

"लोकांनी म्हटली. बेसूर म्हटली, पण म्हटली."

"मला उठवलं का नाही?"

"मुलगी उठवायलाच निघाली होती. तुमच्या बायकोने तिचा पदर धरला. म्हणाली, झोपू दे त्या काकांना, दमलेत."

पाळकसाहेब प्याला घेऊन पुढे गेले. मशीनवाला बाकाची कड धरून बसला. काका. तिथेही काका! ओरडावंसं वाटत होतं, पण कुणावर ओरडावं ते कळत नव्हतं. पुढच्या रांगेत ती मुलीच्या शेजारी बसली होती, झग्याची बाही वर सरकली होती, आणि मनगटावरचे वळ त्याला इतक्या लांबूनही दिसत होते. आता ते निळे पडले होते.

शेवटची प्रार्थना झाल्यावर तो मुलीजवळ गेला.

"सांग त्यांना, हो म्हणावं."

"नक्की?"

"पण मी रोज येणार. त्यांना चालत नसलं तरी येणार. तेही सांग."

"चालेल त्यांना, पप्पा."

"चालू दे नाहीतर नको चालू दे!" तो एकदम चिडून म्हणाला आणि तोंड फिरवून पेटी उचलू लागला, जी उचलायचं त्याचं काम नव्हतं.

संस्थेतली खोली स्वच्छ होती. एक पलंग, एक कपाट, बागेकडची खिडकी. बायको आल्या आल्या पलंगावर बसली आणि हाताने चादर सारखी करू लागली, पाहुणे येणार असल्यासारखी. त्याने तिचे कपडे कपाटात लावले. स्वेटर सगळे सुलटे केले. आणखी काही करण्यासारखं उरलं नाही, तेव्हा खिडकीचा बोल्ट तपासला.

"काका, तुम्ही जा आता. घरी वाट बघत असतील."

"कोणी नाही बघत."

"असं कसं? बायको असेल ना?"

"आहे."

"मग जा ना हो! काळजी करत असेल बिचारी."

"उद्या येतो."

"या." तिने क्षणभर विचार केला. "पण दार वाजवून या हं. बाईमाणसाची खोली आहे."

त्या रात्री तो घरी आडवा पडला, तेव्हा हे वाक्य त्याच्या डोक्यात घरघरत राहिलं. सगळा संसार दुकानामागच्या एका खोलीत झाला. मधे एक पडदा, तोही मुलगी मोठी झाल्यावर. आणि आता दार वाजवून. देवाशी यावर दोन शब्द बोलायचे म्हणून तो उठून बसला, रागारागात थोडं बोलला, आणि बोलता बोलता कधीतरी झोपला.

दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद करून तो गेला. पिशवीत संत्री होती आणि तिची घरी राहिलेली चप्पल. लांबलचक व्हरांड्यातून चालत तो खोलीशी आला. हात आपसूक कडीवर गेला. त्याने तो मागे घेतला, शर्टाची कॉलर नीट केली आणि बोटाच्या पेराने दार वाजवलं.

आतून उत्तर आलं नाही. ती आत होती; चादर झटकल्याचं ऐकू येत होतं. शेजारून जाणारी नर्स म्हणाली, "जा ना आत, उघडंच आहे."

"हो," तो म्हणाला.

त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली, दुखरी कंबर जरा सरळ केली आणि तिने 'या' म्हणेपर्यंत तिथेच उभा राहिला.