वर्षभर कुलूप, नवमीला कुंकू

मी एक सूक्ष्मदर्शक बोलतोय. तुम्ही मायक्रोस्कोप म्हणालात तरी माझी हरकत नाही. मुरबाडकडच्या एका लहानशा कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझा मुक्काम असतो, आणि आज माझा जीव थाऱ्यावर नाही. आमची अक्षदा सकाळीच कल्याणला प्रॅक्टिकलची परीक्षा द्यायला गेली आहे. उन्हं कलली तरी तिचा पत्ता नाही. दारात पाऊल वाजलं की वाटतं, तीच आली.

माझा जन्म अंबाल्याचा, तिथल्या उपकरणांच्या कारखान्यातला. ज्या कारागिराने माझी भिंगं बसवली, त्याने एकदा डोळा लावून बघितलं आणि समाधानाने मान हलवली. मला वाटलं, आता जन्मभर लोक माझ्यात असेच डोकावणार. कसलं काय!

इथे आलो तेव्हा तपासणी समिती येणार म्हणून धावपळ चालली होती. समितीने मला लांबून पाहिलं, कागदावर खूण केली, पोहे-चहा घेतला आणि गेली. त्याच संध्याकाळी विभागप्रमुख सरांनी मला काचेच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. सर मनाने वाईट नाहीत. आधीच्या सरांच्या हाताखाली एक उपकरण फुटलं होतं, तर त्यांना निवृत्तीपर्यंत चौकशीला तोंड द्यावं लागलं. तोच धसका यांनी घेतला. कोणी किल्ली मागितली की यांचं एकच वाक्य ठरलेलं : "फुटलं तर भरणार कोण?"

तेव्हापासून मी काचेआडून कॉलेजातलं शिक्षण बघत आलो. फळ्यावर पेशीची आकृती निघायची आणि पोरं ती सुबक उतरवून घ्यायची. खरी पेशी एकानेही पाहिली नाही. पोहायला शिकवायचं, आणि पोरांना विहिरीच्या काठावरच बसवायचं, त्यातली गत!

अक्षदा जवळच्याच धसई गावची. बाप राघो भातशेती करतो, आई कमळ बाजारात भाजी विकते. कल्याणचं कॉलेज त्यांना झेपणारं नव्हतं. "जवळ हाय, सवस्त हाय, इथंच शीक गो," असं राघो म्हणाला आणि पोरगी इथे आली. स्वस्त शिक्षण म्हणजे कुलपातलं शिक्षण, हे त्या बिचाऱ्याला कुठे ठाऊक! प्रॅक्टिकलला चांगले गुण पडले तर एम.एस्सी.ला सरकारी फीची जागा मिळेल, नाहीतर शिकणं इथेच थांबणार, एवढं मात्र अक्षदाला पक्कं कळलं होतं.

एकदा तिने शेतातलं ठिपके पडलेलं भाताचं पान जेवणाच्या डब्यातून आणलं. "सर, ह्याला काय रोग लागलाय तो बघायचाय." सरांनी खिशातली किल्ली चाचपली आणि ठरलेलं वाक्य म्हणाले. पान डब्यातच वाळून गेलं. मी काचेआड नुसता तळमळत राहिलो.

बाहेर येण्याचा माझा हक्काचा दिवस एकच, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची खंडेनवमी. त्या दिवशी धर्मा शिपाई आम्हा सगळ्यांना टेबलावर मांडतो, झेंडूच्या माळा घालतो. रांगोळी काढायला आलेल्या अक्षदाने हळूच विचारलं, "धर्माकाका, भाईर काढलाच हाय तर एकदा डोला लावू?"

धर्मा केवढा दचकला! "आज नाय गो! आज पूजेला बसवलाय. आजच्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो."

आता काय बोलावं? वर्षभर फुटेन म्हणून हात नाही, आणि बाहेर आलो तर देव झालो म्हणून हात नाही. आग लागो असल्या देवपणाला! वर धर्माने तुपात कालवलेलं कुंकू थेट माझ्या डोळ्यावरच लावलं. माझं कपाळ कुठे असतं, हे त्याला तरी कोण सांगणार?

परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा नम्रता मॅडम सरांपुढे उभ्या राहिल्या. मॅडम तासिका तत्त्वावरच्या. दर जूनला त्यांची नेमणूक नव्याने व्हायची, तीही सरांच्या शब्दावर. "सर, पोरांनी तिकडे जाऊन पहिल्यांदा हात लावायचा का? फुटलं तर माझ्या नावावर लिहा." सरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि किल्ली टेबलावर ठेवली. "परीक्षेपुरतं."

अक्षदाने डोळा लावला आणि हरखून ओरडली, "मॅडम, कांद्याच्या सालीला काय मस्त लाल रंग चढलाय!"

"अगं, रंग अजून घातलाच नाही मी."

नवमीचं कुंकू! सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली, धर्माही हसला. मॅडम मात्र हसू आवरून रुमालाने माझा डोळा पुसायला लागल्या. शेवटच्या वर्षाची हुशार पोरगी, आणि कुंकू कुठलं नि पेशी कुठली हे तिला कळू नये! मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग रोज सराव सुरू झाला. आधी अक्षदा फोकसचं चाक जास्तच फिरवायची, माझं भिंग काचेवर टेकायचं. एके दिवशी मात्र चाक बरोबर जागी थांबलं. "आयो! विटा रचल्यावानी दिसतात!" जन्मापासून मी याच आवाजाची वाट बघत होतो.

आली, अक्षदा आली! एस.टी.तून उतरून थेट इथेच आली वाटतं.

"एक स्लाइड लगेच लागली, मॅडम. दुसरी लागंपर्यंत टाइम संपला." ती स्टुलावर बसली. "तिकडच्या पोरी न बघताच चाक फिरवतात. त्या तीन वर्सं बघतायत, आमी आठ दिवस."

मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात सर आले आणि त्यांनी हात पुढे केला. "झाली ना परीक्षा? द्या किल्ली."

मॅडमचा हात पर्सकडे गेला. अक्षदा उठून माझ्यापुढे उभी राहिली. दारात पहिल्या वर्षाची पोरं घुटमळत होती, त्यांच्याकडे तिने बोट केलं. "सर, माझी झाली. यांची व्हायचीय."

सरांचा हात अजून पुढेच आहे. मॅडमनी पर्स उघडलेली नाही. मला वाचा असती तर आत्ताच बोललो असतो. सर, मी फुटलो तर काचा झाडून टाका, दुसरा आणा. पण न बघताच इथून गेलेल्या पोरांच्या वर्षांचं काय? ती भरणार कोण, हे आता मी विचारतोय.