मतदानापर्यंतचं गुपित

निवडणुकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकारी बाईंनी निकालावर सही केली आणि कागद दोन्ही उमेदवारांपुढे सरकवला.

"तक्रार खोटी. दुकानदार, तुम्हाला दंड. आणि निकाल आधी फुटला की त्याचाच प्रचार होतो. म्हणून मतदान होईपर्यंत जो तोंड उघडेल, त्याची उमेदवारी रद्द. दोघांनाही सारखंच."

औषधांच्या दुकानदाराने मान खाली घातली. नर्सबाई इस्पितळातल्या गोळ्या चोरून मतदारांना वाटतात, ही तक्रार त्याचीच. ती कधीच गावभर झाली होती.

"म्हणजे तोवर मी चोरच?" नर्सबाईंनी हळूच विचारलं.

"नियम आहे, बाई." अधिकारी बाईंना स्वतःचाच आवाज परका वाटला.

खिडकीतून फाटक दिसत होतं. नर्सबाई बाहेर पडताच घोळक्यातून कुणीतरी ओरडलं, "बाई, डोकेदुखीची गोळी आहे का पिशवीत? माझंही मत घेऊन टाका!"

हशा पिकला. नर्सबाईंच्या थोरल्या जाऊबाई धावत पुढे आल्या.

"अगं, सुटलीस ना? एवढं तरी सांग."

"जाऊबाई, काही विचारू नका."

"म्हणजे... खरंच चोरल्यास की काय गं?"

नर्सबाईंचे ओठ हलले, मिटले. डोळे भरले, पण मान ताठच राहिली. वर अधिकारी बाई खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या.

मागून दुकानदार आला. कार्यकर्त्याने त्याच्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं होतं. तो दारापर्यंत गेला आणि जाऊबाईंकडे वळला.

"वहिनी, थांबा!" त्याचा आवाज चिरकला. "यांनी एक गोळीसुद्धा चोरलेली नाही. मी खोटं बोललो. आत निकालही तसाच लागलाय."

हशा जागीच विरला.

"दादा, वेड लागलं का? उमेदवारी गेली ना!" कार्यकर्ता कळवळला.

दादा तोवर जिना चढू लागला होता. खोट्या तक्रारी आणि फुटलेली गुपितं अधिकारी बाईंनी रग्गड पाहिली होती. खरं बोलून गुन्हा करणारा माणूस मात्र आज पहिल्यांदाच दारात उभा होता.

"बाई, ऐकलंत ना? की परत सांगू?"

"ऐकलं."

"मग लिहा."

त्यांनी पेन उचललं. तेवढ्यात मागोमाग नर्सबाई आत आल्या. त्यांनी खुर्ची ओढली, दुकानदाराला खांद्याला धरून बसवलं आणि त्याचं मनगट हातात घेतलं.

"केवढी धाप लागलीय! बोलू नका आता."

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. नर्सबाई घड्याळाकडे बघत नाडी मोजत राहिल्या, आणि तोवर खोलीत कुणी हललं नाही.