पाय कोण धुणार

"मुलगी नको ना तुला? मग मुलगा घे. पण आमच्याच घरातला घे," मल्लेशम मामा म्हणाला आणि शेजारी बसलेल्या भास्करच्या, म्हणजे स्वतःच्या पोराच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याच्या तोंडातला वडा परत बशीत आला.

श्रीहरी बघतच राहिला. अर्ध्या तासापूर्वी त्यानं आपल्या घरी जमलेल्या सगळ्यांना सरळ सांगून टाकलं होतं. बुधवारी मामेबहीण श्रावणीबरोबर साखरपुडा आहे, तो मी करणार नाही. मला मुलगे आवडतात. आमच्या कापड गिरणीच्या रंगखात्यातला देवानंद आणि मी तीन वर्षं बरोबर आहोत. एवढं बोलून मार खायच्या तयारीनं त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला होता. पंचवीस वर्षांचा घोडा, पण बापाचा हात त्याला माहीत होता. मारलं कुणीच नाही. आईनं तेवढी मान खाली घातली, ती अजून वर केली नव्हती. श्रीहरी बोलायला बसला होता तो खरं तर तिच्याशीच.

मामाचं दुखणं वेगळंच होतं. सोलापुरात पद्मशाल्यांच्या, म्हणजे तेलुगू विणकरांच्या घरात बहिणीच्या पोरावर पहिला हक्क मामाचा. श्रीहरी बारा दिवसांचा असताना मामानं त्याच्या कमरेला चांदीचा करदोटा बांधून तो हक्क चार लोकांत सांगितला होता. पोराला काय आवडतं तो पुढचा प्रश्न, पोरगा बाहेर जाता कामा नये.

भास्कर पुटपुटला की त्याला मुली आवडतात.

"आवडीचं काय घेऊन बसलास बे? मला काय तुझी आई आवडत होती?"

मामी चहा घेऊन दारातच उभी होती. तिनं सगळ्यांना कप दिले, मामाचा परत आत नेला.

समाजातले आडेप काका साखरपुड्याचे मध्यस्थ म्हणून आले होते. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि हक्क घराचा असतो, मुलीचा नसतो, असा निवाडा दिला. मग श्रीहरीच्या बापानं, कनकय्यानं, पहिल्यांदा तोंड उघडलं. ठीक आहे, म्हणाला, पण आम्ही मुलाकडचे. लग्नात मुलीचा बाप नवऱ्या मुलाचे पाय धुतो, तेव्हा मल्लेशमनं श्रीहरीचे पाय धुवावेत.

मामा ताडकन उठला. भास्कर काय मुलगी आहे? मुलाकडचे आम्हीपण आहोत, तूच धू त्याचे पाय. बाप म्हणाला, मेलो तरी नाही. काकांनी सुचवलं, दोघांनी एकाच वेळी धुवा. मग परात कुणाची, यावरून जुंपली. भास्कर आणि श्रीहरी उगाच आपापल्या पायांकडे बघत बसले.

वीस मिनिटांनी मामानं हक्क सोडला. श्रावणीही देणार नाही, भास्करही देणार नाही, असं ओरडून तो बायको-पोरासकट निघून गेला. श्रीहरीला पाहिजे होतं ते झालं, पण त्याच्या बोलण्यामुळं नाही, पायांमुळं. त्याच्या डोक्यात सणक गेली.

तेवढ्यात काकांना तेलंगणातल्या सिरसिल्ल्याचं स्थळ आठवलं. मुलगा चांगला, समाजातला, आणि बाप वारलेला, त्यामुळं पाय धुवायचा वादच नको. कनकय्यानं विचारलं, यंत्रमाग किती आहेत?

"देवानंद," श्रीहरी ओरडला. "देवानंद नाव आहे त्याचं. मघाशी मी काय भिंतीशी बोललो?"

आईनं मान वर केली.

"कोपऱ्यावर गाडी चालू ठेवून थांबतो, तोच ना?"

श्रीहरीनं मान डोलावली.

"तीन वर्षं पेट्रोल जाळतोय मूर्ख. आत यायला काय होतं त्याला?"

तो तिच्याजवळ जाऊन बसणार, तेवढ्यात बापानं सिरसिल्ल्याला फोन लावलासुद्धा. स्पीकरवर पलीकडचे मुलाची उंची विचारत होते. बापानं हातानं खूण केली, भिंतीला टेकून सरळ उभा राहा.

श्रीहरीनं आईकडं बघितलं, चप्पल हातातच घेतली आणि म्हणाला, "आई, मला आता निघायला पाहिजे. कोपऱ्यावर पेट्रोल जळतंय."