सिद्ध आरसा आणि एक संत्रं

आरसेबाबांच्या दारात सकाळपासून तोबा गर्दी होती आणि गर्दीतला प्रत्येक जण रुमालाआड होता. कुणाला ताजे मुरूम, कुणाला जुन्या मुरमांचे खड्डे, कुणाला दोन्ही. आत जाताना माना खाली, बाहेर येताना डोळ्यांत आनंदाश्रू. "गेले! सगळे गेले! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं!" म्हणत एक कॉलेजकुमार जिना उतरला. त्याचे खड्डे होते तिथेच होते, पण हे सांगण्याचा वाईटपणा घेणार कोण?

रांगेत फोटो स्टुडिओवाली मावशीही होती. तिला भाचीने हाताला धरून आणलं होतं. भाची मूळची बडबडी. पण गालांवर मुरूम आले तसं तिचं बोलणं आटलं, मग बाहेर पडणंही थांबलं. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी मलम आणि गोळ्या दिल्या होत्या, थोडा गुणही येऊ लागला होता. मात्र बाबांचा पहिला नियम असा, की औषध चालू असेल तर आरसा रुसतो. भाचीने औषध बंद केलं आणि हनुवटीवर नवे, ठणकणारे फोड आले. असा फोड बरा होताना बरेचदा कायमचा खड्डा ठेवून जातो, हे डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्यामुळे मावशीचा जीव खालीवर होत होता.

आत बाबांनी भाचीला खिडकीशेजारच्या आरशासमोर बसवलं.

"हा अज्ञानाचा आरसा. काय दिसतं, बेटी?"

"खड्डे," भाची पुटपुटली.

"चूक! मुरूम हा चेहऱ्याचा रोगच नव्हे. आरसा आजारी आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नजरांचं त्यात किटण साचलंय. डॉक्टर चेहऱ्याला मलम लावतात. मी विचारतो, आरशाला कोण लावणार?"

प्रश्न बिनतोड होता, कारण त्याला काही अर्थच नव्हता.

मग बाबांनी भाचीच्या गालांवर पांढरं भस्म चोळलं, डोळ्यांवर पट्टी बांधली आणि तिला खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. पट्टी सुटली तर समोर सिद्ध आरसा, चौकटीभर दिवे लखलखत असलेला. त्यात भाचीचे गाल सपाट! खड्डा औषधालाही सापडेना. मावशीने स्वतः डोकावून पाहिलं आणि तिचेही डोळे भरून आले, कारण भाची हसत होती.

"बाहेर गेलं की जरा ओसरतं," बाबा म्हणाले. "रस्त्यावरच्या लोकांच्या नजरा फार वाईट. दर आठवड्याला यावं लागेल."

जन्मभर लोकांच्या तोंडावर दिवे रोखून पोट भरणारी बाई अशी फसली, यात नवल नाही. गिऱ्हाइकाचा चेहरा ती धंद्याच्या नजरेने बघायची. भाचीकडे तिने फक्त मावशीच्या नजरेने पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओतला समोरचा दिवा गेला. मावशीने बाजूच्या एकट्या दिव्यावर एका वकीलसाहेबांचा फोटो काढला. स्क्रीनवर तो बघून साहेब उखडले.

"अहो बाई, हा माझा चेहरा आहे की खडीचा रस्ता?"

"उजेड बाजूने आलाय ना साहेब, प्रत्येक खळग्याची सावली पडते. थांबा, हाच दिवा समोरून मारते. सावल्या गेल्या की चेहरा कसा..."

"कसा?"

मावशीने कपाळावर हात मारून घेतला. "सपाट! साहेब, तुम्ही उद्या या. आज मला फार मोठं काम आहे."

तिने भाचीला घरातून उठवलं, वाटेत एक जाड सालीचं संत्रं घेतलं आणि भरदुपारी बाबांच्या खोलीत शिरली. मागोमाग रांगही दारात लोटली.

"बाबा, नवा पेशंट आणलाय. बिचाऱ्याच्या अंगभर खड्डे आहेत." आणि तिने संत्रं अज्ञानाच्या आरशासमोर ठेवलं.

"हा काय चावटपणा?"

"आजारी आरसा आहे ना बाबा? मग समोर कोण बसलंय याने काय बिघडतं?"

खिडकीच्या तिरप्या उजेडात सालीचा खळगा न् खळगा उठून दिसत होता. मावशीने त्याला भस्म चोळलं, पदराने त्याचे नसलेले डोळे झाकले आणि सिद्ध आरशासमोर नेलं. लोक पाहतात तर काय, संत्रं चेंडूसारखं गुळगुळीत!

"अगं बाई, संत्र्यालासुद्धा पावला!" दारातल्या एक आजी म्हणाल्या.

बाबाही काही कच्चे नव्हते. "पाहिलंत सामर्थ्य? निर्जीव फळालाही गुण!"

"पाहिलं की," असं म्हणत मावशीने दिव्यांचं बटण बंद केलं आणि शेजारच्या दुसऱ्या खिडकीचा जाड पडदा सरकवला. ऊन बाजूने आत आलं. सिद्ध आरशात सगळे खळगे पुन्हा हजर झाले. "उजेड बाजूने आला की खळग्यात सावली पडते आणि खळगा दिसतो. समोरून आला की सावली नाही, म्हणून खळगाही दिसत नाही. चेहऱ्याची चमक घालवायला आम्ही पावडर लावतो, हे भस्म लावतात. खड्डा होता तेवढाच राहतो."

"नास्तिकांसमोर आरसा रुसतो!" बाबा गरजले.

आज पुन्हा रांगेत आलेल्या कालच्या कॉलेजकुमाराने बटण दाबलं. "हा बघा खुलला." पुन्हा दाबलं. "हा रुसला. बाबा, फारच हळवा आहे हो तुमचा आरसा!"

खोलीत हशा पिकला. बाबांना एकाएकी समाधीची वेळ आठवली आणि ते मागच्या दाराने समाधीला गेले.

भाची मात्र हसली नाही. जिन्यात थांबून म्हणाली, "तिथे मी छान दिसायचे गं, मावशी. तेवढी एकच जागा होती."

मावशीने तिला जवळ घेतलं. "छान तू आत्ताही दिसतेस, पण ते तुला माझ्याकडून पटायचं नाही. मला काळजी या नव्या फोडांची आहे. ते अंगावर काढायचे नाहीत. चल."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "औषध पुन्हा सुरू करू. मुरूम दाबायचे नाहीत, फोडायचे नाहीत. नवे यायचे थांबले की खड्ड्यांकडे वळू. बारीक सुयांचं यंत्र असतं, लेझर असतं. कुणाला काय चालेल ते खड्डे तपासून ठरवावं लागतं."

"किती दिवस लागतील?"

"दिवस नाही, महिने."

"आणि खड्डे पूर्ण जातील?"

"बरेच उथळ होतील. पूर्ण जातील असं मी सांगणार नाही."

भाची मावशीकडे वळून म्हणाली, "आपण इथेच येऊ या गं. या खोटं बोलत नाहीत."

वाचकहो, ही परीक्षा कुणालाही घेता येते. उपाय सांगणारा माणूस स्वतःच्या उपायाची मर्यादा सांगतो का, एवढं बघा. चालू औषध सोडायला त्याने सांगितलं, तर आधी 'का?' म्हणून विचारा. उत्तराऐवजी तो तुमच्यावरच डाफरला, तर सरळ उठा आणि डॉक्टरांकडे जा.