'स्टिल'चा दुसरा उपयोग

आमचे हे, म्हणजे पंजाबराव, अन् मी अकोल्यात जठारपेठेतल्या इंग्रजीच्या क्लासले एकाच बाकावर बसतो, पन बोलत नाही. आमच्या पोरानं, अंकुरनं, परदेशातली बायको केली. तिच्याशी बोलता यावं म्हणून आमा दोघांचं नाव त्यानंच टाकलं. त्याले काय माहीत, घरी का चालू आहे!

माही माय चांदूर रेल्वेले शेवटच्या घटका मोजत होती. मी म्हटलं, चाला. हे म्हणे, "कापूस वेचनं होऊ दे, मंग जाऊ." कापूस घरात आला अन् माय गेली. तवापासून माहा अबोला. चहा झाला की मी भिंतीले सांगते, "चहा झाला म्हना." हे येतात, मुकाट पेतात, जातात.

काल शैला मॅडमनं 'स्टिल' शिकवला. मॅडम अमरावतीची, लय कडक. पहिला उपयोग म्हणजे 'अजूनही', तो लहान पोट्ट्यायलेही येते म्हणे. दुसरा वरच्या दर्जाचा. आधी आपली अडचण सांगायची, मंग 'स्टिल', म्हणजे 'तरीपन', म्हणायचं, अन् पुढं खरं काय ते बोलायचं. उदाहरण घरचंच पाह्यजे.

हे उठले. "कॉटन वॉज इन द फील्ड. स्टिल, वुई शुड हॅव गॉन."

"व्हेरी गुड! जोरात म्हणा, मागे ऐकू गेलं नाही."

मागच्या पोट्ट्यायसाठी यायनं पुन्हा म्हटलं, जोरात.

मले रडू आलं, अन् त्याहून जास्त राग आला.

"कौसल्याबाई, आता तुमी."

"आय अ‍ॅम स्टिल अँग्री."

"हा पहिला उपयोग झाला. दुसरा सांगा."

"दुसरा मले येत नाही," म्हटलं, अन् बसली.

क्लास सुटल्यावर रस्त्यातच मी यायले अडवलं. "इंग्रजीत काय, कोनीही म्हनते! त्या भाषेत माही माय मेली नाही. आपल्या बोलीत सांगा, हिंमत असन तं."

यायनं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. भाजीवालीही पाहून राह्यली होती.

"कौसल्ये, माह्यामुळं तुही अन् मायची भेट राह्यली."

"हो. राह्यली."

यायनं रुमाल काढला अन् तोंडावर धरला. मायसाठी आमच्या घरात मी एकटीच रडत होती, आता दोघं झालो.